तारखेला नुसती हजेरी नको: ड्रग कोर्ट कसं चालतं आणि आपल्या कायद्यात त्याची वाट कुठे आहे

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारा तेवीस वर्षांचा एक मुलगा समजा. रात्रपाळी सुटल्यावर पोलिसांनी अडवलं, खिशात गांजाची पुडी निघाली. पंचनाम्यात वजन लागलं 40 ग्रॅम. तो विकत नाही, ओढतो. दोन वर्षांपासून, रोज. घरचे वकिलाकडे जातात तेव्हा वडील विचारतात, ‘सुटेल का?’ आई थोड्या वेळाने दबक्या आवाजात विचारते, ‘आणि सुटल्यावर पुन्हा ओढला तर?’ वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर वकील देतो. आईच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आपल्या कोर्टात कोणाचीच नेमणूक नसते. ड्रग कोर्ट ही व्यवस्था आईच्या प्रश्नासाठी उभी राहिली.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपल्याकडे जिल्हा न्यायालयात ‘एनडीपीएस विशेष न्यायालय’ अशी पाटी दिसते (एनडीपीएस म्हणजे आपला अमली पदार्थांचा कायदा), ते ड्रग कोर्ट नव्हे. ते तीन वर्षांहून जास्त शिक्षेचे अमली पदार्थांचे गुन्हे चालवणारं नेहमीचं फौजदारी न्यायालय आहे. साक्षीपुरावे, युक्तिवाद, निकाल. ड्रग कोर्टात मुळात भांडण चालतच नाही. व्यसनातून गुन्हा घडलेल्या माणसाला न्यायाधीश सांगतात: तुरुंगाऐवजी उपचार घे, वर्ष-दीड वर्ष आमच्या नजरेखाली राहा, पूर्ण केलंस तर गुन्हा मिटेल किंवा शिक्षा टळेल, अर्ध्यावर सोडलंस तर खटला होता तिथून पुढे चालेल.

अशा प्रकारचं पहिलं न्यायालय 1989 मध्ये अमेरिकेत, फ्लोरिडातल्या मायामीत सुरू झालं. क्रॅक कोकेनने शहर पोखरलं होतं, तुरुंग भरले होते, आणि तेच चेहरे दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोर्टात येत होते. त्या वेळी तिथल्या सरकारी वकील होत्या जॅनेट रेनो, ज्या पुढे 1993 मध्ये अमेरिकेच्या ॲटर्नी जनरल झाल्या. त्या न्यायालयात पहिले बसले न्यायाधीश स्टॅन्ली गोल्डस्टीन. आज अमेरिकेत अशी न्यायालयं हजारोंनी मोजावी लागतात. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड, स्कॉटलंडमध्येही ती गेली.

एका सुनावणीत काय होतं

न्यायाधीश आसनावर येण्याआधी तासभर आतल्या खोलीत बैठक होते. न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचे वकील, उपचार केंद्राचा समुपदेशक, परिविक्षा अधिकारी (सुटलेल्या माणसावर कोर्टाच्या वतीने देखरेख ठेवणारा) आणि समन्वयक एका टेबलाभोवती बसतात. त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाचा कागद समोर असतो: किती चाचण्या झाल्या, किती चुकल्या, समुपदेशनाला आला का, काम लागलं का, घरी काय चाललंय. सरकारी वकील आणि बचावाचे वकील इथे एकमेकांविरुद्ध बोलत नाहीत. आपल्याकडच्या कोर्टाची सवय असलेल्याला हे पटायला जड जातं, पण या व्यवस्थेचा कणा तोच आहे.

मग सुनावणी. माणूस वकिलाच्या मागे उभा राहत नाही, तो थेट न्यायाधीशांसमोर येतो आणि न्यायाधीश त्याच्याशीच बोलतात. ‘मागच्या मंगळवारी तपासणीला आला नाहीत, काय झालं?’ ‘गॅरेजमधलं काम टिकलं का?’ ‘बहिणीशी बोलणं सुरू झालं का?’ प्रत्येकासाठी निदान तीन मिनिटं द्यावीत, असा तिथला अनुभवाने ठरलेला मापदंड आहे. ज्या न्यायालयांत सरासरी तीन मिनिटं किंवा जास्त वेळ दिला जातो, तिथली माणसं पुन्हा गुन्ह्यात अडकण्याचं प्रमाण कमी दिसलं आहे. तीन मिनिटं ऐकायला क्षुल्लक वाटतात. आपल्याकडे पुकारा झाला, आरोपी हजर, पुढची तारीख, यात किती सेकंद जातात ते कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

सुरुवातीला अशी सुनावणी दर पंधरा दिवसांनी असते. माणूस सावरत गेला की महिन्याने, मग दीड महिन्याने. पूर्ण कार्यक्रम साधारण 12 ते 18 महिन्यांचा, टप्प्याटप्प्याने सैल होत जाणारा. बाहेर पडण्याआधी सलग 90 दिवस तरी चाचण्या स्वच्छ आलेल्या असाव्यात, ही अट बहुतेक ठिकाणी असते.

इतका काळ कशासाठी? शरीरातून नशा उतरवायला आठवडा-दोन आठवडे पुरतात. हेरॉइनचं सांगायचं तर शेवटच्या डोसनंतर आठ-बारा तासांत त्रास सुरू होतो, दीड ते तीन दिवसांत कळस गाठतो आणि सात-दहा दिवसांत उतरतो. तेवढ्यावर घरचे म्हणतात, ‘सुटलं बघा.’ ते उतरलेलं असतं, सुटलेलं नसतं. झोप, चिडचिड, जुन्या मित्राचा फोन, पगाराचा दिवस, यांतून पाय घसरण्याचा धोका पुढचे कित्येक महिने टिकतो. तीन महिन्यांपेक्षा कमी उपचारांचा फारसा उपयोग होत नाही, हे व्यसनमुक्तीत काम करणारे सगळे जाणतात.

चाचणी, आणि ती कुठे फसवते

लघवीची तपासणी आठवड्यातून किमान दोनदा होते, आणि वार ठरलेला नसतो. अनेक ठिकाणी प्रत्येकाला एक रंग दिलेला असतो. रोज सकाळी एका नंबरवर फोन लावायचा. आज तुमचा रंग पुकारला तर संध्याकाळच्या आत हजर. शनिवार-रविवारही सुटीचे नाहीत. वार ठरलेला असला की माणूस त्याच्या हिशेबानेच नशा करतो.

नमुना कर्मचाऱ्याच्या समोर द्यावा लागतो. डबीला तापमानपट्टी असते. चार मिनिटांच्या आत ती 32 ते 38 अंश सेल्सिअस दाखवायला हवी. घरून बाटलीत आणलेली लघवी इथे पकडली जाते. भरपूर पाणी पिऊन आलेल्याचा नमुना क्रिएटिनीनवरून (लघवीतून बाहेर पडणारा शरीरातला एक टाकाऊ पदार्थ) कळतो: दर डेसिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर नमुना पातळ मानतात आणि पुन्हा घेतात.

आता अडचणी. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत तो सोडल्यानंतरही महिनाभर, कधी त्याहून जास्त दिवस दिसत राहतो. म्हणजे पहिल्या महिन्यातली पॉझिटिव्ह चाचणी ही ‘काल ओढला’ याचा पुरावा नाही. हे ठाऊक नसलेल्या न्यायाधीशाने त्यावर शिक्षा दिली तर खरं बोलणारा माणूस पहिल्याच महिन्यात तुटतो. उलट हेरॉइन किंवा कोडीन दोन-तीन दिवसांत निघून जातं. मेफेड्रोन, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘एमडी’ म्हणतात, ते बाजारात मिळणाऱ्या साध्या पट्टीवर भरवशाने पकडलं जात नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली चाचणी लागते. एमडीचं व्यसन असलेल्या मुलाचा साध्या पट्टीचा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट हातात घेऊन निश्चिंत होऊ नका.

आणि खसखस. दिवाळीत अनारशावर लावलेली, मसाल्यात वाटलेली खसखस अफूच्याच बोंडातली असते. ती खाल्ल्यावर अफूची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. याच कारणाने अमेरिकेत नोकरीसाठीच्या चाचण्यांत अफूची मर्यादा 1998 मध्ये दर मिलिलिटरला 300 वरून 2000 नॅनोग्रॅमवर नेली. पट्टीवरचा निकाल वादात आला की प्रयोगशाळेत खातरजमा केल्याशिवाय कोणाला शिक्षा होता कामा नये.

शाबासकी आणि शिक्षा

बाहेरच्याला हा सगळ्यात पोरकट भाग वाटतो, पण तो फार विचाराने बेतलेला आहे. तीस दिवस स्वच्छ गेले की भर कोर्टात टाळ्या होतात. हजेरी कमी होते, दंडाची रक्कम सुटते, बसचा पास मिळतो. चुकलं तर समाजसेवा, दिवसभर कोर्टात बसून राहणं, हजेरी वाढणं, आणि शेवटचा उपाय म्हणून दोन-चार दिवस कोठडी. शिक्षेपेक्षा शाबासकी कितीतरी जास्त वेळा असावी, एकास चार या प्रमाणात, असं तिथे शिकवतात. शिक्षा छोटी असली तरी चालते. ती लगेच आणि प्रत्येक वेळी झाली पाहिजे. सहा महिन्यांनी मिळालेल्या मोठ्या शिक्षेतून व्यसनी माणूस काही शिकत नाही.

यातला बारकावा समजून घेण्यासारखा आहे. गैरहजर राहणं, खोटं बोलणं, नमुन्यात भेसळ करणं, याला शिक्षा. कारण हे टाळणं पहिल्या दिवसापासून माणसाच्या हातात असतं. पण सुरुवातीच्या महिन्यांत पुन्हा नशा केली आणि येऊन तसं सांगितलं, तर उत्तर शिक्षेचं नसतं, उपचार बदलण्याचं असतं: औषध बदला, समुपदेशन वाढवा, दाखल करून घ्या. पुन्हा घसरणं हे या आजाराचं लक्षण आहे. तापात अंग तापलं म्हणून रुग्णाला कोणी कोंडत नाही.

फायदा होतो का

होतो, पण जादू नाही. अनेक अभ्यास एकत्र करून 2012 मध्ये काढलेल्या आढाव्यात असं दिसलं की साध्या खटल्यातून गेलेल्यांपैकी 50 टक्के पुन्हा गुन्ह्यात सापडत असतील, तर ड्रग कोर्टातून गेलेल्यांत ते प्रमाण सुमारे 38 टक्क्यांवर येतं. म्हणजे शंभरात बारा माणसं वाचली. आमच्या मते बारा घरं वाचणं ही मोठी गोष्ट आहे, पण उरलेल्या अडतिसांना लपवून कोणी या व्यवस्थेची जाहिरात करू नये.

ती फसते तेव्हा ठरावीक जागी फसते. पहिली जागा निवडीची. यश दाखवायचं म्हणून सोपी माणसं घेतली जातात: कधीमधी ओढणारा, नोकरी-घर असलेला, जो तसाही सुधारला असता. अशा मुलाला दीड वर्ष चाचण्या, बैठका आणि पक्क्या व्यसनींची संगत लावली तर त्याचं नुकसानच होतं. ज्यांचं व्यसन खोल आहे आणि पुन्हा गुन्ह्याचा धोका मोठा आहे, त्यांच्यासाठीच हा महागडा खटाटोप आहे. दुसरी जागा औषधांची. अफूवर्गीय व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही जीव वाचवणारी औषधं आहेत, पण ‘एक नशा सोडून दुसरी’ अशा समजुतीने कित्येक न्यायाधीशांनी ती बंद करायला लावली. शेवटी 2015 मध्ये अमेरिकी केंद्र सरकारला सांगावं लागलं, की औषध नाकारणाऱ्या ड्रग कोर्टांना केंद्राचा निधी मिळणार नाही. तिसरी जागा सगळ्यात कडू: जो अर्ध्यात गळतो त्याला कधीकधी सरळ गुन्हा कबूल केला असता तर झाली असती त्याहून जास्त शिक्षा भोगावी लागते. पोर्तुगालने या सगळ्याला वळसा घालून 2001 मध्ये वेगळी वाट धरली. दहा दिवसांना पुरेल इतक्याच साठ्यासह सापडलेल्याला तिथे फौजदारी कोर्टात नेत नाहीत, एका समितीसमोर बसवतात.

आपला कायदा काय म्हणतो

भारतात ड्रग कोर्ट या नावाची व्यवस्था नाही. पण 1985 च्या एनडीपीएस कायद्यात उपचाराकडे जाणारे दोन दरवाजे आहेत: कलम 64-अ आणि कलम 39. दोन्ही फारसे उघडले जात नाहीत, कारण ते आहेत हेच आरोपीच्या घरच्यांना कोणी सांगत नाही.

दरवाजा कोणासाठी हे वजनावर ठरतं. 2001 पासून प्रत्येक पदार्थाची ‘अल्प मात्रा’ आणि ‘व्यावसायिक मात्रा’ ठरलेली आहे. गांजा 1 किलोपेक्षा कमी असेल तर अल्प, 20 किलोच्या वर व्यावसायिक. चरस 100 ग्रॅम आणि 1 किलो. हेरॉइन 5 ग्रॅम आणि 250 ग्रॅम. मेफेड्रोन 2 ग्रॅम आणि 50 ग्रॅम. ‘पेक्षा कमी’ हे शब्द नीट वाचा. एकेक ग्रॅमच्या दोन पुड्या सापडल्या तर मेफेड्रोन बरोबर 2 ग्रॅम भरलं, म्हणजे अल्प मात्रा संपली. अल्प मात्रेला जास्तीत जास्त एक वर्ष सक्तमजुरी किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या रेषेपलीकडे थेट दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. एका पुडीचा फरक.

इथेच घरचे बेसावध राहतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2020 मध्ये हिरासिंग खटल्यात ठरवलं, की शुद्ध अमली पदार्थाचं नव्हे तर मिसळलेल्या पावडरीसकट सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं. याचा फटका खोकल्याच्या औषधाला आणि ‘बटण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्यांना बसतो. कोडीनची अल्प मात्रा 10 ग्रॅमच्या खाली; पण औषधाच्या 100 मिलिलिटरच्या एका बाटलीतला द्रवच 100 ग्रॅमच्या वर भरतो, त्यात कोडीन कणभर का असेना. औषध म्हणून असलेल्या सवलतीचा युक्तिवाद वकील करू शकतो, आणि तो पहिल्याच तारखेपासून करायला हवा.

कापसात किंवा तुरीत गांजाची झाडं लावली असतील तर गोष्ट वेगळी. लागवडीला कलम 20 खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तिथे अल्प मात्रेची सवलत नाही. मात्र कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्यात येत नाहीत. झाड मुळासकट उपटून, मातीसकट, ओलं तोललं असेल तर पंचनाम्यातला आकडा वकिलाला दाखवा.

आता दरवाजे. कलम 64-अ: ज्याच्यावर सेवनाचा (कलम 27) किंवा अल्प मात्रेचा आरोप आहे आणि जो व्यसनाधीन आहे, त्याने स्वेच्छेने शासनाच्या किंवा शासनमान्य संस्थेत उपचार घेतले तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. कलम 39 नंतर येतं: गुन्हा सिद्ध झाल्यावर, शिक्षा देण्याऐवजी, त्याच्या संमतीने उपचारासाठी सोडायचं, बंधपत्र घ्यायचं, एक वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल मागायचा, अहवाल बरा असेल तर समज देऊन आणि तीन वर्षांपर्यंत गुन्हा न करण्याच्या बंधपत्रावर सोडायचं. दोन्हीत फरक मोठा आहे. 39 मध्ये दोषी ठरल्याची नोंद राहते. लातूर, नांदेड, बीडकडे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यासाठी 64-अ आधी मागणं फार महत्त्वाचं. आणि तो मिळाला तरी भरतीच्या चारित्र्य पडताळणीच्या अर्जात गुन्हा दाखल झाल्याचं विचारलं असेल तर लपवू नका. लपवल्यावर निवड रद्द होऊ शकते.

अर्ज करताना

पहिल्या दिवशी एफआयआरची प्रत घ्या आणि कलमं वाचा. कलम 27-अ (व्यापाराला पैसा पुरवणं) लावलं असेल तर हा रस्ता बंद होतो, म्हणून ते का लावलं याला तिथेच हरकत घ्यावी लागते. अल्प मात्रेचा खटला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. जामिनाचं गृहीत धरू नका: मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020 मधल्या निकालात या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र मानले आहेत. मात्र कलम 37 च्या जामिनाच्या कडक अटी अल्प मात्रेला लागू नाहीत, त्यामुळे अर्ज केला की जामिनाची शक्यता चांगली असते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. 15100 वर फोन लावा.

पोलीस कोठडीत असतानाच एक गोष्ट बोलून दाखवा: मुलगा रोज काय घेतो, किती घेतो. झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्याच्या गोळ्या एकदम बंद झाल्या तर त्याला झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. रिमांडच्या वेळी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे वैद्यकीय तपासणी मागण्याचा हक्क आहे. लाजेपोटी हे सांगायचं राहून जातं.

मग व्यसनाधीनतेचं प्रमाणपत्र. कायद्यात ‘व्यसनी’ म्हणजे पदार्थावर अवलंबून असलेला. अधूनमधून ओढणाऱ्याला 64-अ चा आधार मिळत नाही, म्हणून नशा करतो एवढं लिहून भागत नाही. मानसोपचारतज्ज्ञाने अवलंबित्वाचं निदान लिहायला हवं: कोणता पदार्थ, कधीपासून, रोज किती, सोडल्यावर काय त्रास. छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण, लातूरचं विलासराव देशमुख, ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. तिथल्या कागदाला ‘मान्यता आहे का’ हा प्रश्नच येत नाही. खाजगी केंद्रात घातलं तर दाखल करण्याआधी शासनमान्यतेचं पत्र मागा. पैसे भरून तीन महिने काढल्यावर कोर्टात कळायचं, की केंद्र मान्यताप्राप्त नव्हतं, असं होऊ देऊ नका. मुलाला गाडीत घालून, हातपाय धरून केंद्रात टाकलं तर ते ‘स्वेच्छेने’ ठरत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचा आजारही मोडतो, आणि मारहाण, साखळदंड, कोंडून ठेवणं यांना त्यात मनाई आहे.

या कागदांसह वकील 64-अ खाली अर्ज देतो, कोर्ट सरकारी वकिलांचा ‘से’ म्हणजे लेखी म्हणणं मागवतं, मग आदेश. आदेशात रुग्णालयाचं नाव, मुदत आणि अहवाल कधी द्यायचा हे स्पष्ट लिहून घ्या. डिस्चार्ज कार्ड म्हणजे उपचार पूर्ण झाल्याचा अहवाल नव्हे. अहवालात चाचण्यांच्या तारखा व निकाल, दिलेली औषधं, समुपदेशनाच्या भेटी आणि पुढच्या तपासणीचं वेळापत्रक असावं.

मराठवाड्यात काय अडेल

आठवड्यातून दोनदा तपासणी हे मायामीत जमतं. औंढ्याजवळच्या वाडीवरच्या मुलाने हिंगोलीला आठवड्यात दोनदा यायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि दोन दिवसांचं भाडं गेलं. चार चकरांनंतर तो येणं सोडतो, आणि कागदावर दिसतं ‘असहकार्य’. नमुना तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात घेण्याची सोय झाल्याशिवाय इथे ही गोष्ट चालणार नाही. बीडकडे तर दिवाळीच्या सुमारास अख्खं कुटुंब ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातं, ते पाच-सहा महिन्यांनी परततं. कार्यक्रम बारा महिन्यांचा आणि माणूस गावात सहा महिने. त्याच्यासाठी एक तर कारखान्याजवळच्या सरकारी रुग्णालयाशी आधीच पत्रव्यवहार हवा, नाहीतर सुरुवातीचे कडक महिने हंगाम संपल्यावर धरावे लागतील.

न्यायाधीशांच्या बदल्या ही आणखी एक अडचण. या व्यवस्थेत तोच न्यायाधीश, तोच चेहरा समोर असणं हेच औषध आहे.

आणि गरज मात्र दारात येऊन ठेपली आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने छत्रपती संभाजीनगर आणि पैठणच्या कारखान्यांवर घातलेले छापे, 2025 मध्ये तुळजापुरात उघड झालेलं एमडीचं जाळं, ही मोठ्यांची प्रकरणं. त्या साखळीच्या शेवटच्या टोकाला पुडी घेणारा पोरगा असतो. तो हर्सूलच्या तुरुंगात जाऊन आला की ओळखी वाढवून येतो. काही महिने नशेशिवाय काढल्याने त्याच्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. सुटल्यावर तो जुन्या मापाने हेरॉइन घेतो आणि त्यात मरू शकतो. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे. त्या दिवसांत त्याला एकटं सोडू नका. गरज पडली तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आणि मानसिक आधारासाठी 14416 आहे.

नवा कायदा येईपर्यंत थांबायचं कारण नाही. कलम 39 मध्ये अहवाल ‘एक वर्षाच्या आत’ मागवायचा म्हटलं आहे. वर्ष संपेपर्यंत वाट पाहा, असं कुठेही लिहिलेलं नाही. त्यामुळे आमच्या वाळूजच्या मुलाचा वकील अर्जातच विनंती करू शकतो: दर पंधरा दिवसांनी तारीख द्यावी, दर तारखेला घाटीचा चाचणी अहवाल पुढे ठेवू, आरोपी स्वतः उभा राहून सांगेल की मधल्या दिवसांत काय झालं. पहिल्या महिन्यात गांजाची चाचणी पॉझिटिव्हच येईल, हेही त्याच अर्जात डॉक्टरांच्या सहीने आधीच लिहून द्यावं.